मुरमुऱ्यांच्या अक्षता

आमच्या धंद्यात दोन नियम होते. पहिला, नाटकातल्या लग्नात धान्याच्या अक्षता टाकायच्या नाहीत, मुरमुरे टाकायचे. धान्य पडलं की लग्न लागतं, देवाला नाटक कळत नाही, असं जुनी माणसं सांगायची. दुसरा, लग्नाचा प्रवेश संपवून पडद्यामागं आलेल्या नटीनं पाणी प्यायच्या आधी गळ्यातले मणी काढायचे. पुढच्या प्रवेशात पुन्हा घालायचे असले तरी एकदा काढायचेच. उभी हयात मी पडदे बांधले आणि सोडले, पण हे दोन्ही नियम मोडलेले एकदाच पाहिले. ते सिंधुच्या वेळी मोडले, आणि एकाच दिवशी मोडले.

'सिद्धेश्वर नाट्य ड्रेपरी, लातूर' अशी माझी पाटी होती. पाटी मोठी आणि दुकान तिच्या सावलीत मावेल एवढं. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी आणि बाग असे पाच पडदे माझ्याकडं होते. बागेच्या पडद्यावर मोर होता, पण रंगवणाऱ्यानं मोर कधी पाहिला नसावा, लोक त्याला कोंबडाच म्हणत. पडद्यांबरोबर दाढ्या, तलवारी, पितळी दागिने भाड्यानं जायचे, आणि गावाला हवी असेल तर नटीही मीच ठरवून द्यायचो. गावची पोरं जत्रेच्या नाटकाच्या तालमी चांगल्या महिनाभर करत, पण बाईच्या कामाला आपल्या घरची बाई कोण पाठवणार? मग लातूरहून नटी आणायची. ती नाटकाच्या दिवशी दुपारी ट्रंक घेऊन एसटीनं उतरायची. सगळ्या नाटकांतल्या सगळ्या नायिका तिला पाठ असायच्या. जो नायक तिनं जन्मात पाहिलेला नसे, त्याची ती संध्याकाळी बायको व्हायची, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं परत निघायची. तिला उतरायला शाळा नाही तर चावडी. कुणाच्या घरात तिला जागा नसे.

सिंधु अशा नट्यांपैकी एक. मूळची धर्माबादकडची. बाप पेटी वाजवायचा, तो गेला तेव्हा गळ्यातल्या चार पदांवर पोट भरायला ती लातूरला आली. दिसायला कशी होती विचाराल तर पडद्यापुढं देखणी आणि नळावर साधी. आवाज मात्र दोन्हीकडं गोड. नाटकातला नवरा दारू पिवो, शेत जुगारात घालवो, दुसरी आणो, ही आपली निरांजन घेऊन दारात उभी. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसायच्या. सकाळी तीच सिंधु पाणी मागायला दाराशी गेली की त्याच बाया तांब्या आतून पुढं करायच्या आणि उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहायच्या. पुरुषांचं दुखणं वेगळं. त्यांना ती हवी असायची, पण नाटकातल्यासारखी हवी असायची. घरची बायको भांडते. हिला लेखकानं भांडायला शब्दच दिलेले नव्हते, हे त्या शहाण्यांच्या ध्यानात येत नसे.

तिला स्वतःला काय हवं होतं ते तिनं माझ्या बायकोला, तारामतीला, एकदा चुलीपुढं बसून सांगितलं. आधी तारामती म्हणायची की नाटकवाली बाई माझ्या घरात पाऊल टाकायला नको. मग दोघींचं असं काही जमलं की मीच घरात परका झालो. सिंधु आमच्याकडं भाकरी थापायला शिकायची. तिच्या भाकरीचा जुन्या हैदराबाद संस्थानाचा नकाशा व्हायचा, आणि तोही मधे फाटलेला. तर ती म्हणाली, "वैनी, मला उखाणा घ्यायचाय. खरा. हळदीकुंकवाला बाया बसल्यात, घ्या की नाव, घ्या की नाव म्हणून मागं लागल्यात, आन मी लाजून राहिले, असा." तारामती हसली. "अगं, स्टेजवर तर दर जत्रेला घेतीस की!" सिंधु म्हणाली, "ती नावं लेखकाची असतेत."

हेच तिचं मागणं. एक उंबरा, तो ओलांडायला एक धान्याचं माप, आणि चारचौघींत घ्यायला एका माणसाचं खरं नाव. कुणी म्हणेल, एवढंच? एवढंच. हसण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, ढोरं कवडीमोलानं गेली, अर्धा मराठवाडा खडी फोडायला बसला. नाटकं कुठली? मी पडद्यांच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या घालून स्वस्थ बसलो. सिंधु डोक्यावर फडकं बांधून औसा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणत तिला. तिची भाकरी मात्र सिंधुला गोल जमली. तारामती म्हणाली, बघ, वाईट दिवसात शिकलीस. पोरगी किती दिवसांनी हसली.

तशात औशाच्या बाजूच्या एका गावची माणसं दुकानात आली. गावाचं नाव घेत नाही, त्यांनाही लेकीबाळी आहेत. त्यांच्या जत्रेचं नाटक कधी चुकलेलं नव्हतं. "यंदा न्हाई केलं तर देव रुसंल, आन मंग पाऊस कशाचा पडतोय?" असा त्यांचा हिशोब. बत्त्यांना रॉकेल नव्हतं, म्हणून नाटक दिवसाउजेडी करायचं ठरवून आले होते. मी म्हणालो, "दिवसा? अहो, पडद्यावरचा कोंबडा दिसंल की सगळ्यास्नी." ते म्हणाले, "दिसू द्या. देवाला चालतंय."

नायकाचं काम शेषेराव करणार होता. गावातल्या बड्या घरचा एकुलता एक, बाप नसलेला, अंगानं भरलेला, बोलणं गुळावाणी. उदगीरला कॉलेजात जाऊन पुस्तकं तिथंच ठेवून परत आलेला. नाटकातलं त्याचं नाव चंद्रकांत. गोष्ट नेहमीचीच होती. श्रीमंताचा चंद्रकांत गरिबाच्या पोरीवर भाळतो, आईचा विरोध मोडून लग्न करतो, मग वाटेल तसा वागतो, आणि शेवटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. लोकांना रडायला शेवट पुरतो, मधलं कोण बघतंय.

लग्नाच्या प्रवेशात घोळ झाला. भटजीचं काम करणारा पोरगा तापानं फणफणला होता, म्हणून मंडळींनी गावात लग्नं लावणारे खरेच स्वामी आणून पाटावर बसवले. त्यांना नाटकातलं काही येत नव्हतं, त्यांनी खरी मंगलाष्टकं म्हणायला घेतली. आणि मुरमुरे नव्हते. आणणार कुठून, भट्ट्या बंद पडलेल्या. एक पोरगं घमेलं घेऊन प्रेक्षकांत शिरलं, त्यात हळद लावलेला मिलो. मी पडद्याची दोरी हातात धरून ओरडलो, "अरे, दाणे वाटू नका!" घमेलेवाला म्हणाला, "अण्णा, मिलो काय धान्य हाय व्हय? ढोरं बी तोंड लावंनात त्याला." सगळे हसले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. माझं कोण ऐकतो?

शेवटचं 'सावधान' झालं आणि सगळं गाव उठून उभं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. लग्नात उभं राहायची सवय. बायांनी डोक्यावर पदर घेतले. बत्त्यांचा झगमगाट नव्हता, उतरत्या उन्हात सगळ्यांची तोंडं लख्ख दिसत होती, वर्षभराच्या काळजीनं सुकलेली, आणि त्यांनी मूठमूठ दाणे असे टाकले की मीही क्षणभर टोपी सरळ केली. नायकानं मणी गळ्याशी नुसते धरायचे, फासा नटीनं स्वतःच अडकवायचा असतो. शेषेरावानं मागं हात नेऊन फासा अडकवला. मणी माझ्या ट्रंकेतले, पितळी वाट्या आणि काचेची काळी पोत. मी पडदा पाडला.

सिंधु आत आली. तिच्या केसांत, खांद्यांवर पिवळे झालेले लाल दाणे. सगळ्या मंडळींना मिळून गावानं एक तांब्या पाणी दिलं होतं. मी म्हणालो, "सिंधु, मणी." तिनं माझ्याकडं पाहिलं, तांब्या उचलला आणि घटाघटा प्याली. उन्हानं जीव गेला असेल, असं मी मनाला सांगितलं. पण परतीच्या एसटीत ती पदराच्या गाठीत काहीतरी बांधत होती. केसांतून वेचलेले दाणे.

"अण्णा, दाणे पडले की हो," ती म्हणाली.

"मिलो होता तो, खुळे."

"दाणेच की," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. गळ्यात मणी तसेच होते.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी शेषेराव लातुरात हजर. मुंगळ्याला गुळाचा पत्ता सांगावा लागत नाही. माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन, तो सिंधुला म्हणाला, "स्वामीनं मंत्र म्हणले, गावानं दाणे टाकले, मी हातानं बांधलं. आता राहिलं काय?" मी म्हणालो, "आईला सांगायचं राहिलं." त्यावर तो हसला. "पाऊस पडू द्या, अण्णाराव. दुष्काळात कोण सून घरात घेतंय?" आता हे बोलणं कुणी पारखून घेतलं असतं. सिंधुनं घेतलं नाही. ज्या नियमावर ती इतकी वर्षं चालली होती, तोच नियम तिच्या बाजूनं बोलत होता. तिला तो पुरला. मला तेव्हा तिचा राग आला होता, आता येत नाही. एखादी गोष्ट जन्मभर हवी असली आणि ती समोर आली की तिचे दात मोजत कोण बसतं?

त्यानं तिला लातूरच्या कडेला एक खोली करून दिली. नाटकं बंद करायला लावली. 'माझ्या बायकोनं चारचौघांत तोंड रंगवायचं न्हाई,' म्हणाला, आणि सिंधुला त्यातला 'माझ्या बायकोनं' एवढाच शब्द ऐकू आला. खोलीच्या मालकाला आणि शेजाऱ्यांना त्यानं स्वतःचं नाव मात्र चंद्रकांतराव सांगितलं. राजकारणात उतरायचंय, लोक बघतात, असं कारण. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला प्रकार. सिंधु म्हणाली, "थोड्या दिसाचं हाय, वैनी."

पाऊस पडला. शेषेरावानं त्याच हंगामात मामाच्या मुलीशी, सरजाबाईशी, लग्न केलं. मी तावातावानं सिंधुकडं गेलो. वाटलं, आता रडेल, मणी फेकून देईल, मी पेटारा उघडून पुन्हा कामं मिळवून देईन. ती शांतपणे चिंचेनं मणी घासत बसली होती. म्हणाली, "ती आईनं केलेली, अण्णा. मला अख्ख्या गावानं केली." मला तिच्या तोंडाकडं बघवेना. मी शेषेरावाला अडत दुकानावर गाठलं आणि विचारलं. तो तुरीचं पोतं उचलायला सांगता सांगता म्हणाला, "अण्णाराव, तुम्ही पडदे बांधा."

दिवस गेले, वर्षं गेली. तो बाजाराच्या दिवशी यायचा, तूर, गूळ, कधी एखादी साडी आणायचा. तो आला की काय व्हायचं ते तारामतीनं मला सांगितलं, आणि ऐकून माझी भाकरी ताटातच राहिली. तो जेवायला बसला की तिनं नाटकातल्यासारखं बोलायचं. 'चंद्रकांतराव, दमला असाल, पाय धुऊन घ्या ना.' 'चंद्रकांतराव, दासी आपली वाट पाहून थकली.' तो डोळे मिटून ऐकायचा. एकदा मीठ कमी पडल्यावरून दोघांची बाचाबाची झाली. सिंधु खऱ्या बायकोसारखी भांडली, भांडं आपटलं, धर्माबादच्या बोलीत चार शब्द सुनावले. त्या दिवशी ती फार खुशीत होती म्हणे. पण तो त्यानंतर दोन बाजार आला नाही. आला तेव्हा तिनं पुन्हा पुस्तकी बोलायला घेतलं. त्याला बायको नकोच होती हो. घरी होती. त्याला मी पाडलेला पडदा पुन्हा वर हवा होता, आणि सिंधुला वाटायचं की पडद्यामागं घर आहे.

ती उखाणे जुळवायची. नाव घ्या म्हणणारं तिथं कुणी नव्हतं, तरी जुळवायची, आणि आमच्याकडं येऊन तारामतीला हळूच ऐकवायची. त्यात नाव शेषेरावांचं असायचं. तेवढं नाव घेताना ती अजून लाजायची. पहिल्यांदा मी हसलो. मग मी आतल्या खोलीत जाऊन बसायला लागलो.

लातूर जिल्हा होणार, जिल्हा होणार, अशी हाकाटी बरीच वर्षं चालली होती. शेषेराव तोवर पुढाऱ्यांच्या जीपमध्ये मागं बसायला लागला होता. 'जिल्हा झाला की लातुरात घर बांधतो. गावचं घर सरजाचं, लातूरचं तुझं. तुला माप ओलांडून आत घेतो, पाहिजे तर पुन्हा दाणे टाकायला लावतो,' असं त्यानं तिला सांगितलं होतं. ब्याऐंशी साली जिल्हा झाला. गंजगोलाईच्या बाजारात गुलाल उधळला, ढोल वाजले, पेढे वाटले. सगळ्या लातुरात त्या दिवशी सिंधुएवढं आनंदी कुणी नव्हतं. ती पेढे घेऊन आमच्याकडं आली आणि नवा उखाणा म्हणून दाखवला:

औशाच्या किल्ल्यावर पाखरांचा थवा,
शेषेरावांचं नाव घेते, जिल्हा झाला नवा.

"घराच्या दिशी घेणार हाय," ती म्हणाली.

घर खरंच झालं. नव्या वसाहतीत, दोन मजली, पुढं गच्ची. माझ्या पडद्यांना तोवर कुणी विचारत नव्हतं, गावोगाव व्हिडिओ आला होता. मी मांडव घालायला लागलो होतो. शेषेरावाच्या वास्तुशांतीचा मांडव माझ्याकडंच आला. त्याला संकोच वाटला नाही. मांडववाला म्हणजे मांडवाचा एक खांब, त्याला कोण लाजतो? त्यानं सिंधुला दिवस सांगितला नव्हता. माझ्या घरी तारामतीच्या तोंडून गेला. सिंधु म्हणाली, "त्यांना फुरसत कुठं हाय, वैनी, जिल्ह्याची कामं. सांगायचं राहिलं आसंल. मीच जाते." तारामतीनं परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिनं आमच्या घरातलं पितळी मापटं मागून घेतलं.

मी सकाळपासून मांडवात होतो. आचाऱ्याच्या बाजूला आडोसा हवा होता, तिथं मी राजवाड्याचा जुना पडदा बांधला. जीपमधून सरजाबाई उतरली, शेषेरावाची म्हातारी आई नागुबाई उतरली, दोन मुलं उतरली. पूजेला जोडी बसली. होम झाला. पंगतीची तयारी चालली असताना फाटकातून सिंधु आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पदराखाली काहीतरी. मी धावलो, "सिंधु, चल, घरी चल." तिनं ऐकलंच नाही. तिची नजर दारावर होती. तोरण, रांगोळी, नवाकोरा उंबरा, आणि आत पाटावरून नुकती उठलेली सरजाबाई, शालूच्या गाठीसकट. सिंधु पायरीवर थांबली.

शेषेराव पाहुण्यांत उभा होता. त्याचा चेहरा एकदम उतरला, मग पुढाऱ्याचं हसू चढवून तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, या या, सिंधुबाई! वळखलं का आई? आपल्या जत्रेच्या नाटकातली नटी. दुष्काळातली." नागुबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाली, "हाव, तीच की. मी बी दाणे टाकलेते हिच्यावर." पाहुणे हसले. म्हातारीच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच मला ते सहन होईना.

सरजाबाई पुढं आली. बाई चांगली होती, हे सांगायलाच हवं. तिला सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. तारामती म्हणते, ठाऊक होतं, बायकांना असतं. सिंधुनं पदराखालचं काढलं होतं, तांदळानं काठोकाठ भरलेलं आमचं मापटं. माप मांडणारं कुणी नसेल म्हणून ती स्वतःच घेऊन आली होती. उंबऱ्यावर ठेवायला ती वाकली, तोच सरजाबाईनं ते वरच्यावर धरलं. "अगं बाई, आहेर कशाला आणायचा? आलात ह्येच लई झालं." आणि आत जाऊन तिनं ते तांदूळ आपल्या कणगीत ओतले.

भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून तिनं त्यातलेच मूठभर तांदूळ परत टाकले, वर खण आणि नारळ घेतला. उंबऱ्याच्या आत ती, उंबऱ्याबाहेर पायरीवर सिंधु. सरजाबाईनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. गळ्यातल्या मण्यांकडं पाहिलं. म्हणाली, "सवाष्ण हाव, ताई. घ्या की नाव." मागून दहा बाया पुढं आल्या. "घ्या की नाव! नाटकातल्या हाव, झ्याक घ्या! लाजता काय?"

म्हणजे तिनं मागितलं होतं तसंच सगळं जमून आलं होतं. बाया होत्या, आग्रह होता. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो आणि मला दोन माणसं दिसत होती. एक सिंधु. दुसरा शेषेराव, ज्याच्या कपाळावर घाम सुटला होता. एक नाव घेतलं असतं तर ते घर पायासकट हललं असतं. मनातून मी म्हणत होतो, घे, पोरी, घे नाव, होऊ दे काय व्हायचं ते. आजही म्हणतो.

सिंधुनं शेषेरावाकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत नव्हता, तो लोकांकडं पाहत होता. मग तिनं सरजाबाईच्या कडेला तिचा पदर धरून उभ्या असलेल्या मुलीकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्टेजवरच्या त्या गोड आवाजात म्हणाली:

"औशाच्या किल्ल्यावर पाखरांचा थवा..."

ती थांबली.

"चंद्रकांतरावांचं नाव घेते, जिल्हा झाला नवा."

बाया टाळ्या वाजवून हसल्या. कुणी म्हणालं, जिल्ह्याचं बी घेतलं की नावात! शेषेरावानं रुमालानं मान पुसली आणि पंगत बसवायला गेला. सिंधु पायरी उतरली आणि सरळ माझ्या राजवाड्याच्या पडद्यामागं आली. तिथं चूल पेटलेली, भाताचं पातेलं, पाण्याचा पिंप. मी तिच्या मागं गेलो. मला रडू येत होतं, तिला येत नव्हतं. मी पिंपातून तांब्या भरून पुढं केला.

तिनं तो घेतला नाही. दोन्ही हात मानेमागं नेऊन फासा काढला. चिंचेनं घासून घासून वाट्या पातळ झाल्या होत्या. तिनं मणी माझ्या तळहातावर ठेवले.

"तुमचं सामान, अण्णा. परत द्यायचं राहून गेलतं."

"राहू दे गं, सिंधु. पितळ हाय ते. ठेव तुला."

"न्हाई. पाण्याच्या आधी काढायचे असतेत."

मग तिनं तांब्या घेतला, सगळं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "धर्माबादची गाडी किती वाजता हाय?" नाटक संपलं की ती नेहमी हेच विचारायची. तेव्हा फक्त लातूरची गाडी विचारायची.